लिनेटची शिट्टी

पेटली ब्रिज, यॉर्कशर
६ फेब्रुवारी

नॉर्मन,

'प्रिय' मुद्दाम गाळलं आहे. विसरले असं समजू नकोस.

संस्थेचं मासिक आज आलं. एरवी मी ते मांजराच्या बशीखाली घालते, पण तिसऱ्या पानावर टाय लावलेला तुझा फोटो होता, म्हणून वाचलं. 'पट्ट्याच्या फेरवाटपाबाबत वास्तववादी भूमिका.' हे तूच लिहिलंयस हे मथळ्यावरूनच कळलं. दोन कप चहा संपला तेव्हा कुठे अर्थ लागला. हेलियोट्रॅक नावाच्या कोणा कंपनीला आपले मालाचे डबे समुद्रात कुठे कुठे फिरतायत ते घरबसल्या बघायचं आहे. त्यासाठी ती शेकडो पेट्या आकाशात सोडणार. आणि त्या पेट्यांना बोलायला नेमका तोच लहरींचा तुकडा हवाय, ज्यावर आपली लिनेट बोलते. आणि आपल्या हौशी रेडिओवाल्यांच्या संस्थेचे पट्टा समितीचे अध्यक्ष, म्हणजे माझे सख्खे धाकटे बंधू, म्हणतात की खुशाल घ्या, कारण 'सदर उपग्रहाचे नोंदणीकृत आयुष्य १९७९ साली संपले आहे.'

माझं नोंदणीकृत आयुष्य कधी संपलं तेही एकदा बघून ठेव. आपल्या दोघांचंही झालेलं असणार.

तुला आठवण करून द्यावी लागते ही शरमेची गोष्ट आहे, पण देते. लिनेट शहात्तर साली वर गेली. तिची अँटेना तुझ्या मेहुण्याने, म्हणजे स्टॅनलीने, सुतारकामाच्या पोलादी टेपमधून कापली, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आणि टेबलावर कापल्याची रेघ अजून आहे. त्या टेपवरचे इंच अजून पृथ्वीभोवती फिरतायत. त्र्याऐंशी साली तिची बॅटरी मेली. तेव्हा तू मासिकात काळ्या चौकटीत तिचा मृत्युलेख लिहिलास आणि त्यात स्वतःचंच नाव चारदा घातलंस. दोन हजार एक साली एका रविवारी स्टॅनलीला तिची 'मी इथे आहे' सांगणारी शिट्टी पुन्हा ऐकू आली. त्याने आधी तुला फोन केला, बिचाऱ्याने. तू म्हणालास, एखादा टॅक्सीवाला असेल. आकाशातून जाणारा टॅक्सीवाला. मेलेली बॅटरी आतल्या आत तुटून वाटेतून बाजूला झाली आणि सूर्य थेट तिला खायला घालायला लागला, हे स्टॅनलीने तुला समजावून सांगितलं तेव्हा तू म्हणालास की मला हेच म्हणायचं होतं.

तेव्हापासून ती उन्हात जागी असते आणि सावलीत झोपते. जागी असली की खालून आलेला आपला आवाज उचलून दुसऱ्या देशात पोचवते. कुणाकडे काही मागत नाही. फक्त तिची जागा तिला हवी आहे. आपल्याला सांगितलं की इथे नको, तिकडे बोला, तर आपण खिडकी बदलू. तिला कोण सांगणार? तिची फ्रिक्वेन्सी बदलायला कुणाचा हात वर पोचत नाही. एवढ्याशा ताकदीवर ती बोलते, आणि त्याच तुकड्यावर शेकडो पेट्या दिवसरात्र 'माझा डबा इथे, माझा डबा तिथे' करून कोकलायला लागल्या की संपलं. ती बोलत राहील आणि कुणाला ऐकू येणार नाही. मरणं परवडलं.

स्टॅनलीच्या हातचं घरात बरंच आहे. एक शेल्फ आहे, ते वाकडं आहे. चालणारी अशी फक्त लिनेट उरलीय.

फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कागदावर निदान माझं वाक्य संपेपर्यंत तुला थांबावं लागतं.

मेव्हिस


डॉर्किंग, सरे
१० फेब्रुवारी

प्रिय मेव्हिस,

(मी लिहितो. आपल्या दोघांत एकावर तरी संस्कार झाले.)

तुझं पत्र मिळालं. पोस्टमन हातात देताना जरा लांबूनच देत होता.

तुला वाटतं मी दुकान मांडून बसलोय. तिथे काय असतं ते सांगतो. टेबलाच्या त्या बाजूला हेलियोट्रॅकचे अकरा वकील बसतात, सगळ्यांचे दात सारखे. या बाजूला मी आणि ग्रिमशॉ, आणि ग्रिमशॉ झोपतो. त्यांना सबंध पट्टा हवाय. मी एक तुकडा सोडून बाकीचा वाचवायला बघतोय. याला वास्तववाद म्हणतात. यॉर्कशरमध्ये हा शब्द अजून पोचला नसेल तर शब्दकोश पाठवतो.

ते विचारतात, हा तुकडा वापरतं कोण? मी म्हणतो, हौशी लोक. ते विचारतात, म्हणजे किती? आता काय सांगू? तू, पोर्तुगालची ती डोना ग्रासा, स्लोव्हेनियातले निवृत्त पाद्री कोवाच आणि स्वयंपाकघरात रेडिओ ठेवणारे तुमच्यासारखे आणखी काही पेन्शनर. मला स्वतःला मोजता येत नाही, कारण लिनेटवर मी हाक मारली की सगळ्यांची वाचा बसते. कोणाच्या हुकमावरून, ते तुला माहीत आहे. माझ्या शेडच्या भिंतीवर बासष्ट देशांतून आलेली कार्डं आहेत. मंगोलियाचं आहे. ज्याच्याशी बोललो त्याने 'तुमचा आवाज पोचला' म्हणून कार्ड पाठवायचं ही आपली रीत. पेटली ब्रिजचं एकही नाही. पाहुणे विचारतात तेव्हा मी सांगतो की तिथे अजून वीज आलेली नाही.

असो. तुझ्या शिव्या खाण्याआधीच मी एक काम केलेलं आहे. लहरी वाटून देणाऱ्या सरकारी खात्याच्या मिस प्रिचर्ड या प्रकरणाचा अहवाल लिहिणार आहेत. बाई वेल्सच्या, कोरड्या, पण बनेल नाहीत. मी त्यांना गळ घातली की लिहिण्याआधी एकदा स्वतःच्या कानांनी ऐका. त्या तयार झाल्या. चौदा मार्चला दुपारी, लिंकनशरमधल्या खात्याच्या ऐकण्याच्या केंद्रात. लिनेट आपल्या डोक्यावरून जाईल ती सबंध फेरी त्या ऐकतील. माणसं बोलताना ऐकू आली तर तुकडा वाचला. नाही आली तर गेला, आणि मग मी टाय लावला काय किंवा न लावला काय.

यापुढे माझ्या हातात काही नाही. तू माणसं गोळा कर. तुझं ऐकतात.

नॉर्मन


पेटली ब्रिज
१४ फेब्रुवारी

नॉर्मन,

आयुष्यात पहिल्यांदा कामाचं काही केलंस. आई असती तर तिने कॅलेंडरवर खूण केली असती.

सगळ्यांना कळवलं आहे. जे रोज भेटतात त्यांना लिनेटवरच सांगितलं, जे कधीमधी येतात त्यांना पत्रं टाकली. फिनलंडपासून अझोर्सपर्यंत सगळे येणार. पण माणसं गोळा करणं सोपं आणि त्यांना आवरणं कठीण, हे समितीत बसणाऱ्याला कळायचं नाही. म्हणून सोबत एक सूचनाही पाठवली. तुझ्या माहितीसाठी खाली उतरवते, कारण ती खरं तर तुझ्यावरूनच सुचलेली आहे.

'लिनेट म्हातारी आहे. तिच्याकडे एकच पातेलं आहे आणि सगळ्यांनी त्यातूनच जेवायचं आहे. एकाने मोठ्याने बोलून जास्त ओढलं की बाकीचे उपाशी राहतात, आणि फारच ओढलं की तिला घेरी येऊन ती बंद पडते. म्हणून आधी ऐका. दुसऱ्याला जागा द्या. लहानात लहान आवाजात बोला. जो तिच्या शिट्टीपेक्षा मोठा ऐकू येईल त्याला कुणीही उत्तर द्यायचं नाही, तो कुणीही असो. पोप असला तरी नाही.'

पाद्री कोवाचना शेवटचं वाक्य फार आवडलं.

तुझ्यासाठी निराळी सूचना आहे. तू तोंड उघडायचं नाहीस. आमच्यात तुझ्यासारख्याला मगर म्हणतात: तोंड घमेल्याएवढं आणि कान नावाला. दोन हजार तीन साली तू नवा ॲम्प्लिफायर घेतलास आणि लिनेटवर त्याचं उद्‌घाटन केलंस ते मी विसरलेले नाही. ती अटलांटिकवर घेरी येऊन पडली. आइसलंडचा एक माणूस नात झाल्याची बातमी सांगत होता, नातीचं नाव सांगणार तेवढ्यात सगळं गप्प. ते नाव आम्हाला अजून कळलेलं नाही. त्या दिवसापासून लिनेटवर मी तुला उत्तर दिलेलं नाही आणि देणारही नाही.

मेव्हिस


डॉर्किंग
२२ फेब्रुवारी

प्रिय मेव्हिस,

तुझी ती सूचना सबंध युरोपात फिरली आहे. काल मला एका डॅनिश गृहस्थाचा फोन आला. तो अर्ध्या वॅटवर बोलतो. विचारत होता की हे फार होईल का. बायकोने सांगितलंय म्हणे की मिसेस होल्‌रॉइड (म्हणजे तूच) रागावतील, त्यापेक्षा नुसतं ऐका. आज कोवाच यांचं पत्र आलं. इतरांना जागा मिळावी म्हणून आपण गप्प बसलेलं बरं का, असं विचारतायत.

अगं, तू माणसं बोलायला बोलावलीस की प्रेतयात्रेला? मिस प्रिचर्डना तुमची सभ्यता ऐकू येणार नाही. त्यांना आवाज ऐकू यायला हवेत. भांडा, हवामानावर बोला, गुडघेदुखीवर बोला, पण बोला. कृपा करून आणखी एक पत्र टाक आणि सांग की घाबरू नका.

माझी काळजी करू नकोस. मी तिथे मिस प्रिचर्डचा कोट धरून उभा राहीन. तोंड उघडणार नाही.

नॉर्मन


पेटली ब्रिज
१४ मार्च, संध्याकाळ

नॉर्मन,

कोट धरून उभा राहणार होतास ना?

मी जेवण लवकर उरकून टेबलाशी बसले होते. मांजराला बाहेर घातलं. लिनेट वेळेवर वर आली, शिट्टी अगदी स्वच्छ. आणि तिच्या आजूबाजूला शांतता. सगळे आलेले होते, मला माहीत आहे, पण प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थांबलेला. मीही थांबले होते, कोवाच वयाने मोठे, त्यांनी आधी बोलावं म्हणून. फेरी अर्धी अशीच गेली. आता बोलावं म्हणून मी बटणावर बोट ठेवलं, तोच तू आलास. लिनेटमधून नाही, माझ्या मोरीत उभा राहून ओरडल्यासारखा. शिट्टी पार तुझ्याखाली गेली. 'कुणी आहे का, कृपया उत्तर द्या.' एकदा नाही, तीनदा. तेही स्वतःचं नाव-गाव सांगून, म्हणजे लाजही नाही.

कुणीही उत्तर दिलं नाही. फिनलंडने नाही, पोर्तुगालने नाही. एवढी शिस्त मी चर्चमध्येही पाहिलेली नाही. ती मावळेपर्यंत सगळे गप्प राहिले. मला सांगायला हरकत नाही की अभिमान वाटला.

पुढच्या फेरीला, तीनच्या सुमारास ती परत आली तेव्हा मात्र सगळ्यांची तोंडं मोकळी सुटली होती. काठोकाठ भरलेली फेरी, एवढी मी कधी ऐकली नाही, आणि सगळे कसे हळू, कुजबुजत, एकमेकांच्या मधून वाट काढत. विषय एकच होता. तू. मीही दोन शब्द टाकले. काय ते लिहीत नाही, तुझी झोप उडेल.

तुझ्या मिस प्रिचर्डना निदान एवढं कळलं असेल की आमच्यात मगरीला काय किंमत आहे. अहवाल झाला की लगेच पाठव. मला फ्रेम करायचा आहे.

मेव्हिस


डॉर्किंग
१८ मार्च

मेव्हिस,

जे झालं ते सांगतो. मध्ये बोलू नकोस.

शिट्टी आली तेव्हा मिस प्रिचर्ड खूश झाल्या. पंचेचाळीस वर्षांची पेटी आणि अजून बोलते, म्हणाल्या. मग त्या माणसांची वाट बघायला लागल्या. मीही बघत होतो. खरखर आणि शिट्टी, शिट्टी आणि खरखर. त्यांनी घड्याळ पाहिलं. म्हणाल्या, 'मिस्टर सग्डन, कुणी बोलणार आहे का?' मी म्हटलं, 'सगळे आहेत. सभ्य आहेत, म्हणून थांबलेत.' त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझंच वाक्य मूर्खासारखं वाटलं. मग म्हणाल्या, 'तुम्ही हाक मारून बघा. एकाने जरी उत्तर दिलं तरी मला लिहिता येईल.'

मी नाही म्हटलं. दोनदा. फेरी संपत आली होती. मग मी आवाजाची किल्ली शेवटपर्यंत खाली आणली. टॉर्चच्या दिव्यालाही त्याहून जास्त लागतं. पण तिथली तबकडी एखाद्या चॅपलच्या छपराएवढी आहे. तीत मुंगी बोलली तरी वर हत्ती पोचतो. मला ते ठाऊक होतं. दुसरा काही उपाय तुला सुचला असता, तर तू तेव्हा तिथे असायला हवी होतीस.

मी हाक मारली. तुला ऐकू आली. माझा आवाज तू ओळखलास हेही मला माहीत आहे. एक शब्द पुरला असता. 'गप्प बस' एवढं म्हणाली असतीस तरी चाललं असतं, मिस प्रिचर्डनी ते उत्तर म्हणून लिहिलं असतं.

त्यांनी माझ्यासमोर लिहिलं: 'हाक मारली. उत्तर नाही.' आणि पेनाला टोपण लावलं. तू त्याला शिस्त म्हणतेस. त्यांच्या कागदावर त्याला 'वापर नाही' म्हणतात.

पुढचं लिहायची आज माझी इच्छा नाही. अहवाल आला की पाठवतो.

नॉर्मन


पेटली ब्रिज
२१ मार्च

प्रिय नॉर्मन,

हो, लिहिलं आहे. डोळे चोळू नकोस.

मी ऐकलं होतं. पहिल्याच अक्षराला ओळखलं. बोट बटणावर होतं आणि मी ते उचललं. रागाने उचललं असतं तर आज निदान रागाला बोल लावता आला असता. मी ते सवयीने उचललं. तुझा आवाज आला की बोट उचलायचं, एवढं ते सरावलं आहे.

कोवाच म्हणतात ते माझ्यासाठी थांबले होते. डोना ग्रासा म्हणते ती कोवाचसाठी थांबली होती. तो डॅनिश माणूस रडकुंडीला आलाय. सबंध युरोप कान लावून बसलेला, आणि त्या बाईच्या कागदावर आम्ही कुणीच नाही. हे सगळं माझ्या त्या सूचनेनं केलं. तू सांगत होतास तेव्हा मी ऐकलं नाही, कारण तू सांगत होतास.

मिस प्रिचर्डना सांग की मूर्ख म्हातारीची चूक आहे, लिनेटची नाही. पुन्हा एकदा ऐका म्हणावं. दुसऱ्या फेरीला किती माणसं होती ते कुणालाही विचारा म्हणावं. मी स्वतः लिंकनशरला येते, उभी राहून बोलते, लागेल तेवढं मोठ्याने. नाही तर मला त्यांचा पत्ता दे. अकरा वकील असले तरी मला त्याचं काही नाही, मी शाळेत चाळीस-चाळीस पोरांचे वर्ग सांभाळलेत.

काल दुपारी फेरी होती. मी रेडिओ लावला नाही. भांडी घासली, मग स्वच्छ भांडी पुन्हा घासली. ती वरून शिट्टी वाजवत गेली असेल. स्टॅनली आजारी होता तेव्हासुद्धा मी एक फेरी चुकवली नव्हती. त्याला मी काय सांगू, नॉर्मन? तुझ्या टेपचे इंच मी माझ्या तोऱ्यापायी घालवले, असं सांगू?

तरीपण आवाजाची किल्ली खाली आणून तबकडी तशीच वर रोखलीस, ती जरा बाजूला वळवायचं तुला सुचलं नाही, हे राहतंच. कुणाही शेंबड्या पोराला सुचलं असतं.

उत्तर लवकर दे.

मेव्हिस


डॉर्किंग
२९ मार्च

प्रिय मेव्हिस,

उत्तर लवकर दिलं नाही. मुद्दाम दिलं नाही. तुला जरा तळमळू द्यावं असं वाटलं. का, ते खाली कळेल.

मागच्या पत्रात मी खोटं काही लिहिलं नव्हतं, फक्त अर्ध्यावर थांबलो होतो. मिस प्रिचर्डनी पेनाला टोपण लावलं हे खरं. मी कोट घालायला लागलो हेही खरं. पण केंद्र संध्याकाळपर्यंत आमच्यासाठी राखलेलं होतं आणि बाईंचं जेवण राहिलं होतं. त्यांनी डबा उघडला, अंड्याचं सँडविच काढलं आणि म्हणाल्या, बसा, चहा तरी घ्या. चहा, मग मोटारीच्या चावीची शोधाशोध, असं करता करता तीन वाजले. स्पीकर चालूच होता. लिनेट परत आली.

पहिला आवाज त्या पोर्तुगीज बाईंचा. 'मघाच्या त्या मगरीला कुणी ओळखतं का?' आणि लगेच तू: 'मी ओळखते. माझा भाऊ आहे. सुईणीने जन्मल्याबरोबर आईला सांगितलं होतं की हा आवाज पलीकडच्या दरीतून तक्रारी आणणार.'

मिस प्रिचर्डनी सँडविच खाली ठेवलं आणि पेनाचं टोपण काढलं.

'या कोण?' त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझी बहीण. 'नेहमी अशाच बोलतात?' मी म्हटलं, नाही, लिनेटवर जरा सौम्य बोलते.

मग त्यांनी मोजायला सुरुवात केली. फिनलंड आलं, पोलंड आलं, दोन आयरिश आले ते एकमेकांना दुजोरा देत होते, तो अर्ध्या वॅटवाला डॅनिश आला आणि इतक्या चावऱ्या शब्दांत बोलला की मला वाटलं त्याची बायको बाजूला नसावी. अर्ध्या फेरीत बाईंनी मोजणं सोडून दिलं आणि नुसत्या ऐकत राहिल्या. तू मी लिहिलेला तो मृत्युलेख काढलास, टॅक्सीवाला काढलास, आइसलंडची नात काढलीस. त्यावर तो आइसलंडचाच माणूस मध्ये आला. नातीचं नाव सोलवेग. आता कॉलेजात जाते. म्हणजे तेवढं तरी माझ्यामुळे कळलं.

मला उठून मोटारीत जाऊन बसता आलं असतं. बसलो नाही. शेजारी एक परकी बाई, आणि सबंध युरोप माझी सालं काढतोय. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. एक अक्षर बोललो नाही. बटण समोरच होतं.

सोबत अहवालाची प्रत आहे. चौथा परिच्छेद वाच. 'उपग्रह नियमित व दाट वापरात असल्याचे प्रत्यक्ष ऐकले. वापरणारे अत्यंत अल्प ऊर्जेवर, परस्परांना अडथळा न आणता बोलतात. पहिल्या फेरीतील शांतता ही वापराचा अभाव नसून या मंडळींच्या शिस्तीचा परिणाम असल्याचे दुसऱ्या फेरीत स्पष्ट झाले. संभाषणाचा विषय मुख्यतः संस्थेचे प्रतिनिधी हा होता व त्याबाबत सर्वांचे एकमत होते.' तुकडा लिनेट बोलते आहे तोवर तिचा. हेलियोट्रॅकला दुसरीकडे जागा शोधायला सांगितलंय. परवाच्या बैठकीत एका वकिलाने शंका काढली की हे सगळं ठरवून केलेलं असेल. मिस प्रिचर्ड म्हणाल्या, ध्वनिमुद्रण ऐकवू का? मी म्हटलं, कृपा करून नको. ग्रिमशॉ जागा झाला आणि म्हणाला, ऐकवाच.

आता तुला तळमळू का दिलं ते. फेरीच्या शेवटी बाकीचे एकेक करून गेले. लिनेट खाली उतरली होती, खरखर वाढत होती. कोवाचनी तुला विचारलं, इतक्या गोंगाटात भाऊ आहे हे कसं ओळखलं? तू म्हणालीस, 'त्याला ओळखायला मला नाव लागत नाही. स्टॅनली गेल्यापासून तिच्यावर माझ्या घरचा म्हणावा असा तेवढाच एक आवाज येतो. तो वर्षातून एकदोनदा हाक मारतो. मी उत्तर देत नाही, पण तो मावळेपर्यंत ऐकत बसते.'

तुझ्या पत्रात हे नव्हतं. 'दोन शब्द टाकले' एवढंच होतं. इतकी वर्षं ऐकूनही मला उत्तराविना ठेवलंस, म्हणून एक आठवडा तुलाही ठेवलं.

मिस प्रिचर्डनी तेवढ्यापुरतं पेन खाली ठेवलं. ते वाक्य अहवालात नाही.

नॉर्मन


(कार्ड. एका बाजूला पेटली ब्रिजभोवतीच्या निडरडेलच्या टेकड्यांचं चित्र, दुसरीकडे छापील रकाने, त्यांत शाईने भरलेलं.)

श्री. नॉर्मन सग्डन, डॉर्किंग, यांस.

तुमची हाक १४ मार्च रोजी लिनेटमार्फत पेटली ब्रिज येथे पोचली.

आवाज: शिट्टीपेक्षा मोठा.

स्पष्टता: दुर्दैवाने पूर्ण.

शेरा: उत्तर दिलं नाही. याआधीच्या सगळ्या हाकाही पोचल्या आहेत, त्यांचं मिळून हे एकच कार्ड. भिंतीवर मंगोलियाच्या वर लाव. गुरुवारी चहाच्या वेळी फेरी आहे. लहान अँटेना घे, किल्ली खाली ठेव, आणि हाक मारून झाली की थांब. मी बोलेन.

मेव्हिस